संत्र्याची बाग सुकली की सेन्सर म्हातारा झाला?

काटोल-कळमेश्वरकडच्या संत्रा बागांचा पाच-सात वर्षांचा एनडीव्हीआय (उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला हिरवेपणाचा आकडा) काढला आणि आलेख दरवर्षी थोडा घसरताना दिसला, की बोट लगेच पाण्याकडे, डिंक्या नाहीतर कोळशी या रोग-किडींकडे जातं. उपग्रहाची नजर तेवढीच शाबूत आहे का, हे कुणी विचारत नाही. समजा बागेचं परावर्तन (पडलेल्या उजेडातला परत फिरणारा हिस्सा) तांबड्या बँडमध्ये, म्हणजे तांबड्या रंगपट्ट्यात, 0.08 आणि जवळच्या अवरक्तात 0.32 आहे, एनडीव्हीआय येतो 0.60. अवरक्ताचा डिटेक्टर 5 टक्के कमी वाचू लागला, तर तोच 0.583 होतो. इकडे बागेत पानही हललेलं नसतं.

सेन्सर पडताळायला न बदलणारी जमीन हवी. ती विदर्भात शोधू नका. आपली काळी माती एका सरीत रंग पालटते. थरच्या वाळवंटातसुद्धा पावसानंतर हिरवळ येते, आणि कच्छचं रण, जिथे इस्रो सेन्सर तपासते, पावसाळ्यात पाण्याखाली असतं. म्हणून सहारा. 1996 साली फ्रेंच संशोधकांनी मेटिओसॅट या हवामान उपग्रहाच्या चित्रांवरून उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातल्या 20 जागा निवडल्या. त्यांतली ‘लिबिया 4’ सगळ्यांत जास्त वापरली जाते: 28.55 उत्तर, 23.39 पूर्व. वारा तिथेही वाळू हलवतो, पण 20 किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी फारशी हलत नाही. लँडसॅट 5 उपग्रहात सेन्सर तपासायला बसवलेल्या दिव्यांचा भरवसा उरला नाही, तेव्हा 2007 मध्ये त्याचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) वाळवंटाच्या चित्रांवरूनच सुधारलं गेलं.

लँडसॅट 8 च्या चित्रांच्या जाळीत या जागेचा पत्ता: पाथ 181, रो 40. दर 16 दिवसांनी एक दृश्य, म्हणजे वर्षाला 22-23. त्या बिंदूभोवती 20 बाय 20 किलोमीटरचा चौकोन घ्या आणि प्रत्येक दृश्यातली बँडवार सरासरी व प्रमाण विचलन काढा. लेव्हल 1 (हवेच्या परिणामाची दुरुस्ती न केलेल्या) चित्रातल्या अंकाला 0.00002 ने गुणून 0.1 वजा करा, मग सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या साइनने भागा. निळ्यात साधारण 0.25 आणि तांबड्यात 0.45 च्या आसपास आकडा आला, तर गाडी रुळावर आहे.

घोळ होतो तो पुढे. युरोपच्या सेंटिनेल 2 उपग्रहाच्या लेव्हल 1सी चित्रांमध्ये सूर्याच्या कोनाची दुरुस्ती आधीच झालेली असते. लँडसॅटच्या सवयीने पुन्हा भागलं की वाळू उगाच चकाकते. त्यात 25 जानेवारी 2022 पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक अंकात 1000 मिळवलेले असतात. ते वजा न करता 10,000 ने भागलं, तर परावर्तन एका रात्रीत 0.1 ने उडी मारतं. आलेखात अशी पायरी दिसली की आधी तारीख बघा. गूगल अर्थ इंजिनात ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घेतला की ही कटकट मिटते.

दोन उपग्रह शेजारी ठेवताना बँडची रुंदी तपासा. सेंटिनेलचा जवळच्या अवरक्ताचा बँड बी8 रुंद आहे, त्यात बाष्पाचं शोषण घुसतं. लँडसॅट 8 च्या बँड 5 ला जवळचा आहे तो अरुंद बी8ए. तरीही थोडा फरक उरतोच, त्यासाठी वाळूच्या वर्णपटावरून गुणक काढावा लागतो.

ढगांच्या मास्कवर, म्हणजे ढगाळ भाग आपोआप वगळणाऱ्या खुणेवर, आंधळा विश्वास नको. उजळ वाळूलाच तो कधीकधी ढग समजतो आणि विरळ सिरस (उंचावरचे पातळ ढग) सोडून देतो. सिरससाठी लँडसॅट 8 चा बँड 9 बघा. ज्या दृश्याचं विचलन नेहमीपेक्षा वाढलेलं असेल, ते बाजूला काढा.

सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे सावली. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, वाळूच्या टेकाडांच्या सावल्या लांबतात आणि परावर्तन ऋतूप्रमाणे वरखाली होतं. त्यामुळे डिसेंबरची तुलना जूनशी करायची नाही. सूर्याच्या कोनाशी रेषीय संबंध काढून तो वजा करा, मगच कल बघा. एवढं करूनही एक-दोन टक्क्यांचा खडखडाट उरतो, म्हणून एका वर्षातल्या 1 टक्का घसरणीवरून सेन्सरला दोष देऊ नये.

वाळवंटाची रेष सपाट निघाली, की बागेकडे वळा. तिथेही आंबिया बहारासाठी (त्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण दिलेला असतो आणि तेव्हा एनडीव्हीआय पडतोच. त्या महिन्यांची दृश्यं ऑक्टोबरच्या दृश्यांत मिसळू नका.