फॉर्मात

सरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापून झालं की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या मळ्यांत टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू होतं. कुणी लागोपाठ दोन चेंडू माडांपलीकडे भिरकावले की बांधावरून हमखास आरोळी येते, "आज फॉर्मात आसा मरे!"

वर्तमानपत्रं 'फॉर्ममध्ये' असं छापतात. बांधावर मात्र 'फॉर्मात'च. रंगात, सुरात, तंद्रीत या मंडळींच्या पंगतीला हा इंग्रजी पाहुणा मांडी घालून बसला आणि घरचाच झाला. कचेरीत हाच शब्द भेटतो तेव्हा तो तीन प्रतींत भरावा लागतो. तिथे कुणी फॉर्मात आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

चांगला खेळणारा आणि फॉर्मात असणारा, ही दोन वेगळी माणसं. किंवा खरं तर एकच माणूस, दोन वेगळ्या महिन्यांतला. आमच्या मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई बघा. 1971च्या वेस्ट इंडीज दौऱ्याआधी ते भारतीय संघाबाहेर होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था 5 बाद 75, आणि तिथून सरदेसाईंनी 212 काढल्या. पुढे पोर्ट ऑफ स्पेनला 112, ब्रिजटाऊनला 150. मालिकेत एकूण 642. त्याच मालिकेत नवख्या गावसकरांनी 774 केल्यामुळे लोकांच्या तोंडी तोच आकडा राहिला, याचं मला गोंयकार म्हणून थोडं वाईट वाटतं. पण मनगटं तीच, बॅट धरायची रीत तीच. मग किंग्स्टनला असं काय झालं? त्यासाठी आपल्याकडे एवढा एकच शब्द आहे, आणि तोही काही सांगत नाही.

क्रिकेटबाहेर तो सर्रास फिरतो. वास्कोच्या दामोदर सप्ताहात 24 तास अखंड भजन चालतं, 1899पासून. एकदा पहाटे तीनच्या सुमारास, अर्धे श्रोते पेंगत असताना, एका पखवाजवाल्याचे हात असे काही चालू लागले की शेजारचे आजोबा डोळे न उघडताच पुटपुटले, "फॉर्मात आलो." म्हणजे, तो पखवाजवाला फॉर्मात आला. टाळी लागणं, समाधी लागणं हे सगळे शब्द त्यांना ठाऊक असणारच. तरी ओठांवर आला तो हाच.

एक पथ्य मात्र आहे. हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं, आणि तेही त्याच्या कानावर जाणार नाही असं. आमची आई रविवारी पोळे घालते. पहिला तव्याला चिकटतो, दुसरा जाड होतो, चौथ्यापासून जाळी पडू लागते. परवा सातव्याला मला राहवलं नाही. "आई, आज अगदी फॉर्मात आहेस."

आठवा उलटताना फाटला.

"बोललास ना!" म्हणाली, आणि तो माझ्या ताटात टाकला.