अंड्याच्या बलकातले रंग आणि खानदेशचं ऊन

इथे जर्मनीत हौशी लोकांसाठी आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवरची ख्रिस्ती पवित्र चित्रं, रंगवण्याचे आठवडाभराचे वर्ग भरतात, बरेचसे मठांत. रेक्लिंगहाउझेनला तर १९५६पासून आयकॉनचं स्वतंत्र संग्रहालय आहे. पण यात लागणारं बहुतेक सामान जळगाव-धुळ्यातही मिळतं. ते महागडं समजून कोणी मागे राहू नये, म्हणून ही कृती.

रंग लागण्याआधी फळीच आठवडा खाते. इथे लिंडन या झाडाची फळी वापरतात. तिकडे १२ मिलिमीटरचा चांगला प्लायवूड घ्या. सागवान नको, तेलकट असतं, सरस धरत नाही. एक भाग दाणेदार सरस दहा भाग पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून वितळवा. उकळलात तर चिकटपणा गेला. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा त्यात बुडवून फळीवर बसवा. उरलेल्या सरसात व्हाइटिंग पावडर (खडूची बारीक पूड) चाळून साईइतकं दाट करा आणि आठ-दहा पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा. रांगोळी चालत नाही, तिचा दाणा करकरतो. जोरात ढवळलं की बुडबुडे येतात आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा झाला किंवा घाईने वाळला, की तडे. भुसावळच्या मे महिन्यात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंत बरं. (इथे जानेवारीत हीटरच्या कोरड्या हवेने तेच तडे जातात.) पावसाळ्यात सरसाला बुरशी धरते.

आता अंडं. पांढरा भाग काढून बलक तळहातावरून तळहातावर घ्या, कोरडा होईपर्यंत. मग चिमटीत उचलून खालून टोचा. आतलं वाटीत, पापुद्रा बोटांत. तेवढंच पाणी, दोन थेंब व्हिनेगर. गेरू, पिवळी माती, काजळी पाण्यात घोटून त्यात मिसळा. हळद टाळा, उजेडात उडते. प्रमाण बघायला काचेवर एक पट्टा ओढा आणि वाळल्यावर ब्लेडने खरवडा. सालीसारखा निघाला तर बरोबर, पूड झाली तर बलक कमी. मिश्रण रोज नवं करा.

चेहरा गोरा रंगवून मग सावल्या घालायच्या नाहीत. आधी सगळा हिरवट-तपकिरी, जवळजवळ शेतातल्या ओल्या काळ्या मातीसारखा. त्यावर पिवळ्या मातीचे एकाहून एक उजळ, बारीक रेघांचे थर. पडछाया नसतेच, कारण उजेड खिडकीतून येत नाही, चेहऱ्यातूनच येतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, अंधारात प्रकाशणाऱ्या उजेडाचा, ज्याने वाचलाय त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. घाईने वरचा उजळ थर जाड दिला तर चेहरा मुखवटा होतो.

मूर्तिपूजा करू नये या आज्ञेमुळे आपल्याकडच्या कित्येक ख्रिस्ती मंडळ्यांना चित्राचं वावडं असतं, आणि तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने उत्तर दिलं होतं: देव देहात दिसला, म्हणून तो देह चितारता येतो. ७८७च्या निकेया इथल्या चर्चच्या परिषदेने चित्राला मान आणि देवालाच आराधना असा भेद घातला. ज्यांना तरीही पटत नाही, त्यांनी चित्र प्रार्थनेच्या जागी न लावता पवित्र शास्त्राशेजारी ठेवावं.

विषय? अब्राहामाकडे आलेले तीन पाहुणे घ्या, उत्पत्तीचा १८वा अध्याय. रशियन आयकॉनकार रुब्लेव्हने तेच रंगवलं होतं. तिथल्या मम्रेच्या एला झाडाच्या जागी कडुनिंब आणि ताटात कळण्याची भाकरी आली तर बिघडत नाही; चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी पुण्यात मरियेला साडी नेसवलीच होती. तिघांचे चेहरे मात्र एकाच वयाचे असू द्या.

चित्र पुरं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी त्यावर उकळलेलं जवसाचं तेल लावतात, काही तासांनी पुसून काढतात. त्या तेलकट चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना तापतं आणि त्या आपोआप पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा.