माहेरचा माणूस

पन्हाळा, शाहूवाडीकडं रोपलागण सुरू झाली की ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. बिळांत पाणी शिरतं, साप बांधावर, परड्यात, जळणाच्या ढिगात येऊन बसतात, आणि माणसं नेमकी तेव्हाच अनवाणी कामाला लागलेली असतात. मी त्या भागात वैद्यकीय अधिकारी होते तेव्हाची ही गोष्ट. ज्यांची आहे त्या बाईच म्हणाल्या, "लिवा की मॅडम, पर गावाचं नाव घालू नगा." म्हणून गाव, वर्ष, नावं काहीच घालत नाही.

सकाळी दारात छोटा हत्ती येऊन थांबला. मागं घोंगड्यावर चाळिशीच्या बाई आडव्या, उशाशी सासूबाई. उजवा पाय फळीवर ठेवून दोन टॉवेलांनी बांधलेला, पण आवळलेला नाही. ते पाहून मला फार बरं वाटलं. एरवी पाय सुतळीनं करकचून बांधलेला असतो, काळानिळा पडलेला, आणि कधी कधी वाटेत देवळात तासभर गेलेला. इथं कुणीतरी जाणतं सोबत होतं. तो गावोगावी साप धरणारा सर्पमित्र. परड्यात साप दिसला म्हणून त्याला फोन गेला होता; तो पोचेपर्यंत शेणी काढायला गेलेल्या सुनेला साप डसला होता. त्यानं मोबाईलवरचा फोटो दाखवला. तपकिरी अंग, त्यावर काळ्या कडांचे गोल, तीन रांगांत. "घोणस हाय. कुकरच्या शिट्टीगत फुत्कारत हुती."

औषधासाठी फोटो लागत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडं एकच लस चालते. पण घोणस म्हटल्यावर रक्त आणि मूत्रपिंडं, दोन्हींवर डोळा ठेवायचा हे ठरलं. हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलंच होतं. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि न हलवता वीस मिनिटं ठेवलं. एवढ्या वेळात रक्त गोठलं नाही तर विष भिनलं आहे, लस द्यायची.

तेवढ्यात नेहमीचे प्रश्न विचारले. पूर्वी कधी साप चावला होता? कुठल्या औषधाचा त्रास? बाईंनी एकदा सासूकडं पाहिलं आणि मान हलवून नाही म्हटलं. सर्पमित्र दारात उभा होता. त्यानं मला व्हरांड्यात बोलावलं.

"मॅडम, तिला आधी चावलंय. बारावीला हुती. हीच लस दिली, तर सगळ्या अंगावर गांधी उठल्या, गळा सुजला, श्वास कोंडला. जाता जाता वाचली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच सायकलवरनं नेलं हुतं." थोडं थांबून म्हणाला, "त्या दिवशीच दोन्ही घरांत कळलं आमचं. दिवाळीनंतर तिचं लगीन लावून दिलं."

साप धरायचं मनावर घेतलं तेही त्यानंतरच. तिचं सासर ठाऊक होतं, पण त्या गल्लीत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आजचा फोन शेजाऱ्याचा होता. घर कुणाचं, हे परड्यात गेल्यावर कळलं.

जुने प्रेमिक संकटात पुन्हा भेटतात अशा कादंबऱ्या मी रात्रपाळीत पुष्कळ वाचल्या आहेत आणि मला त्या मनापासून आवडतात. तिथं नायक गोळीसमोर उभा राहतो. या माणसासमोरचा पेच मला त्याहून अवघड वाटतो. पहिल्या दंशाची हकीकत सांगायची तर त्याची स्वतःचीही आली. ती सासरी कळू नये म्हणून बाईंनी इतकी वर्षं दंशच लपवला होता, आणि आत्ताही, जीव जायची वेळ आली तरी, नाही म्हणाल्या होत्या.

मी सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवलं आणि बाईंच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं. त्यांनी डोळे मिटून हो म्हटलं. कागदावर मी पूर्वेतिहास लिहिला, तो त्यांनी सांगितला म्हणून. त्याचं नाव त्यात यायचं कारणच नव्हतं.

नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. लस टाळता येणार नव्हती. ती घोड्याच्या रक्तापासून बनते, म्हणून काहींचं अंग तिच्यावर उलटतं. पण घोणशीच्या विषावर दुसरं औषध नाही. आधी कातडीखाली ॲड्रेनॅलिनचा छोटा डोस, हायड्रोकॉर्टिसोन, ॲलर्जीचं इंजेक्शन. सिस्टर दहा कुप्या विरघळवत होत्या, हलक्या हातानं गोल फिरवत. जोरात हलवलं तर फेस होतो. सलाईन अगदी सावकाश सुरू केलं.

तरी काही मिनिटांत मानेवर गांधी उठल्या. छातीत घरघर, नाडी बारीक. सलाईन बंद, मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, ऑक्सिजन. बाईंची नजर सुटत चालली. इतका वेळ त्यांना "वैनी" म्हणणारा तो माणूस दारातून आत आला आणि त्यानं त्यांना माहेरच्या नावानं हाक मारली. लग्नात बदललेलं, सासरी कुणी न उच्चारलेलं नाव. बाईंनी डोळे उघडले. ॲड्रेनॅलिननंच उघडले, हे मी डॉक्टर म्हणून सांगेन. पण वळल्या त्या आवाजाकडंच.

सासूबाई केसपेपर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

रक्तदाब सावरला, सलाईन पुन्हा सुरू केलं, या वेळी सगळी लस गेली. मग क्लार्क वही घेऊन आला. रुग्णाला कुणी आणलं, नातं काय? तो माणूस खाली बघत राहिला. मीही शब्द शोधत होते. सासूबाईंनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"माहेरचा माणूस हाय त्यो," त्या म्हणाल्या. "तसंच लिवा."

सहा तासांनी पुन्हा तपासलं तेव्हा रक्ताची घट्ट गुठळी झाली होती. लघवी मात्र कमी होती, म्हणून १०८ मागवून कोल्हापूरला सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं ठरलं. बाईंचा नवरा दुधाच्या टँकरवर मुंबईला गेलेला. गाडीत चढताना सासूबाई मागं वळल्या. "तूबी चल. हिला कसला तरास हुतो ते तुलाच ठावं. थितं कोण सांगणार?"

तो गेला. वॉर्डात डॉक्टरांनी विचारल्यावर त्यानं सगळं सांगितलं, सासूबाई शेजारी असताना. डायलिसिसची वेळ आली नाही.

घरी जाण्याआधी नवरा बायकोला घेऊन मला भेटायला आला. लसीची तीव्र ॲलर्जी, मागच्या दोन्ही वेळी काय झालं, काय दिलं, असं सगळं मी एका कार्डावर लिहून दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि आणखी एक प्रत मागितली. "साप निघाला की गावात पहिला त्योच येतोय," तो म्हणाला. "एक त्याच्यापाशी असूदे."