आणे मालिका: खरे रिकामे खिसे किती?

प्रजासत्ताक भारताच्या पहिल्या नाणेमालिकेच्या माझ्या संग्रहाचं काम या पावसाळ्यात बरंच पुढं सरकलं. १५ ऑगस्ट १९५० ला आलेली ही नाणी: घोड्याचा पैसा, बैलाचे अर्धा आणा, एक आणा आणि दोन आणे, वर लोंब्यांची पावली (पाव रुपया), अधेली (अर्धा रुपया) आणि रुपया. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली, त्यामुळे मालिका छोटी आहे, आणि पुरी करता येईल म्हणूनच ती इतकी ओढ लावते.

यावेळी नाणी शोधण्याआधी मी अल्बममधले नाण्यांचे खिसेच कमी केले. सलग वर्षांचं पान समोर असलं की डोळा प्रत्येक रिकाम्या जागेवर अडकतो, पण त्यातल्या कित्येक जागा टांकसाळीनंच रिकाम्या ठेवल्या आहेत. आण्याची तिन्ही नाणी १९५०, १९५४ आणि १९५५ ची. रुपया १९५० आणि १९५४ चा, बस. पैसा मात्र १९५० ते १९५५ सलग. जे पाडलंच नाही त्याचा खिसा कापून काढल्यावर उरलेली यादी एका चिठ्ठीवर मावते. ती चिठ्ठी आता पाकिटात असते.

दुसरा निर्णय टांकसाळीचा. वर्षाखाली हिऱ्याची खूण असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. सगळ्याच मूल्यांसाठी ही वाटणी धरली तर संग्रह कधीच आवरणार नाही. म्हणून ती फक्त पैशापुरती. पैसा स्वस्त मिळतो, त्यात जाड आणि पातळ चकतीचेही प्रकार आहेत, आणि भिंग घेऊन बसायला त्याच्याइतकं चांगलं नाणं नाही. बाकीच्यांना एका वर्षाचं एक नाणं पुरे.

मिळतात कुठे? ठाण्यात जांभळी नाक्याला मोडीची भांडी घेणाऱ्यांकडे डब्यात कधीकधी पैसे आणि आणे निघतात. फोर्टातले पदपथावरचे विक्रेते आहेतच. पण नौपाड्यातल्या जुन्या घरांतून आलेली नाणी सगळ्यात उत्तम. देव्हाऱ्यातल्या डबीत वर्षानुवर्षं हात न लागलेला आणा जसा राहतो तसा बाजारात क्वचितच दिसतो. फक्त सांगून ठेवा की द्यायच्या आधी घासू नका. चिंचेनं लखलखीत केलेला ब्राँझचा पैसा मी घेत नाही. त्याच्या मूळ पृष्ठभागाबरोबर घोड्याचे बारीक तपशीलही जातात आणि तो रंग परत येत नाही. रिकामा खिसा त्यापेक्षा बरा.

पावली, अधेली आणि रुपया निकेलचे आहेत, तेव्हा सोबत लहान चुंबक ठेवा. नाणं चिकटलं म्हणजे खरंच, असं नाही, पण चिकटलं नाही तर तिथेच थांबा. आण्याची नाणी तांबे-निकेलची, ती चिकटणार नाहीत. त्यावरून त्यांना खोटं ठरवू नका.

आता मुख्य अडचण १९५४ च्या रुपयाची. एका सराफाकडे आला होता, चेहरा सुरेख, सिंहांच्या आयाळी स्वच्छ. पण कड फिरवून पाहिली तर बारा वाजण्याच्या जागी डाखाची खूण आणि दातऱ्या दबलेल्या. कधीकाळी कडी लावून गळ्यात घातलेला होता. किंमत निम्मी सांगितली तरी घेतला नाही. तात्पुरता भरलेला खिसा शोध थांबवतो, असं माझं ठाम मत आहे. एकदा जागा भरली की हात पुढे जात नाही आणि चांगलं नाणं समोरून निघून जातं. पैशासारख्या नाण्यात तात्पुरता नग चालतो, कारण बदली सहज मिळते. रुपयात नाही.

आणखी एक: नाणी मऊ पीव्हीसी पाकिटांत ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत हिरवट चिकट थर लवकर धरतो. माझी सगळी आता मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक फिल्मच्या) चौकटीत गेली आहेत, सोबत सिलिका जेल.

चिठ्ठीवर उरलेलं: रुपया १९५४, दोन आणे १९५५, आणि कलकत्त्याचा पैसा १९५३. माझ्याकडे बदलीसाठी १९५० च्या दोन चांगल्या अधेल्या आणि मुंबईचे बरेच पैसे आहेत. ठाणे, मुलुंड, ऐरोली, कुठेही भेटू. रुपया आणणार असाल तर आधी कडेचा फोटो पाठवा.