पऱ्हाटीच्या गावातून अमेरिकेचे युद्ध

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीतून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, शेते दिसतात. तरीही वसाहतवादाचा पाठ शिकवताना अमेरिकेतील यादवी युद्ध मी अनेक वर्षे सनावळीपुरतेच सांगत आलो: १८६१ ला आरंभ, १८६५ ला अखेर. बारावीची मुले ते पाठ करीत आणि पेपर झाला की विसरत.

यंदा मी प्रश्न उलटा टाकला. १८६२ च्या सुमारास वऱ्हाडातील कापसाला एकाएकी एवढा भाव का आला? मुलांनी पाऊस, दलाल, व्यापारी अशी कारणे सांगितली. मग नकाशा उघडून आम्ही दुवे जोडत गेलो. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील बंडखोर, कापूस पिकवणाऱ्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन रुई मिळेनाशी झाली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी कापसासाठी इकडे धाव घेतली. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलेले होतेच. युद्ध संपताच भाव कोसळले, पण १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली, ती कापसासाठीच.

नेमके कारण आणि केवळ निमित्त यांतला फरक मुलांना येथे प्रथमच दिसला, असे मला वाटते. दहावीच्या इतिहासलेखनाच्या पाठातील व्याख्येने तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

मग आधारांची पाळी आली. त्या काळात रिव्हेट-कार्नॅक हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त होते. स्वच्छ आणि लांब धाग्याचा कापूस वाढावा, यासाठी त्यांचे खाते झटत होते. हे सांगून मी विचारले, की अशा खात्याचा अहवाल कोणासाठी लिहिला जाईल? मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, ज्याला गिरणीसाठी रुई पाहिजे, तो ज्वारीचं वावर कमी झाल्याचं दुःख कायले लिहील?” त्या दिवशी वर्गात यापेक्षा मोलाचे काही घडले नाही.

शेवटी आम्ही फळ्यावर एक तक्ता आखला: गिरणीवाला, व्यापारी, अधिकारी, कास्तकार. पहिल्या तिघांसमोर कोणती कागदपत्रे शोधायची, हे मुलांनी पटापट सांगितले. कास्तकाराची चौकट रिकामी राहिली. सावकाराच्या वहीत त्याचे नाव सापडेल, पण ते सावकाराच्या हातचे असेल, असे एका मुलाने सुचवले, आणि तेवढेच आम्ही तिथे पेन्सिलीने लिहून ठेवले.