टॅगच्या डब्याचा तंबाखू

पाइप ओढणाऱ्या माणसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. पाइप दिसला की तंबाखू आणायचा. कोणता आणायचा हा प्रश्न मात्र पडायला हवा, आणि तो सहसा पडत नाही. आजवर मला व्हॅनिलाची पाकिटं मिळाली, चेरीची मिळाली, एकदा व्हिस्कीचा वास दिलेलंही मिळालं. आणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आरामखुर्चीतला, शाल पांघरलेला कुणीतरी पाइपवाला म्हातारा असतो. तंबाखू त्या म्हाताऱ्यासाठी येतो, माझ्या पत्त्यावर. ओढला की खोलीत वास झकास दरवळतो, घरचे खूश होतात, आणि ओढणाऱ्याच्या जिभेवर गरम वाफेखेरीज काही उरत नाही. एकदा उलट टोकाचा, लाटाकिया घातलेला तंबाखू आला होता. ती पानं लाकडाच्या धुरावर वाळवतात. मी पाइप पेटवला आणि आमची मंडळी स्वयंपाकघरात काय करपलं ते बघायला धावली.

यंदा एप्रिलात माझा जुना ज्युनियर मँचेस्टरहून घरी आला. सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात माझ्या फायली उचलत तो वकिली शिकला. आता तिकडे करारमदार तपासतो. स्वतः सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. चहा होईपर्यंत गप्प बसला, मग बॅगेतून दोन चपटे डबे काढून टीपॉयवर ठेवले.

"सर, तुमच्या टॅगच्या डब्यावर हेच नाव होतं ना?"

माझ्या टेबलावर फायली बांधायचे हिरवे टॅग एका रिकाम्या तंबाखूच्या डब्यात असतात. हा पोरगा रोज त्यातून टॅग काढायचा. पाइपबद्दल त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही, पण झाकण वाचून ठेवलं होतं. सॅम्युएल गॅविथ, फुल व्हर्जिनिया फ्लेक. साक्षीदार असा असावा.

इंग्लंडात केंडल नावाच्या, लेक डिस्ट्रिक्ट या सरोवरांच्या मुलखाच्या तोंडाशी असलेल्या गावातलं हे घराणं. १७९२ पासून तपकीर आणि तंबाखूत आहे. फ्लेक करताना पानं थरावर थर रचून उष्णता आणि दाब देतात, घट्ट वडी झाली की तिचे पातळ लांब काप काढतात. डबा उघडला की आधी वाळल्या गवताचा आणि पाठोपाठ मनुक्यांचा वास येतो. व्हर्जिनिया जातीचा तंबाखू आपल्याकडेही भरपूर पिकतो, आंध्रात आणि म्हैसूरकडे. टोबॅको बोर्डाचं मुख्यालयच गुंटूरला आहे. तरी नागपूरच्या माणसाला त्याच जातीचा फ्लेक ओढायचा तर तो इंग्लंडहून यावा लागतो. दोन डबे मिळून शंभर ग्रॅम. प्रवाशाला १२५ ग्रॅम तंबाखू विनाशुल्क आणता येतो, हे त्याने विमानात बसण्याआधी बॅगेज नियम काढून पाहिलं होतं. ज्युनियर माझाच.

आता खरी गंमत. हा तंबाखू डब्यातून निघतो तो ओलसर. तसाच भरला तर पाइप विझत राहतो, आपण जोरजोरात ओढत राहतो आणि जीभ पोळते. व्हर्जिनियात साखर जास्त, ती तापली की चावतेच. म्हणून मोकळा करून वाळवायचा. इंग्लंडातले जाणकार म्हणतात, तासभर कागदावर पसरून ठेवा. त्यांनी नागपूरचा एप्रिल पाहिलेला नाही. बेचाळीस डिग्रीत मी तो गॅलरीत पसरला, आंघोळ करून आलो तोवर त्याचा भुगा व्हायला आला होता. पुढचा फ्लेक कूलरच्या खोलीत ठेवला, तर तिथल्या ओलाव्यात तो संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा. शेवटी जमलं ते मधल्या खोलीत, पंखा बंद करून, वर्तमानपत्रावर. वीसेक मिनिटं. चिमटीत दाबला तर चिकटू नये आणि मोडूही नये.

उरलेला रबराची रिंग असलेल्या काचेच्या बरणीत. लोणच्याची बरणी हिने दिली नाही, आणि बरोबर केलं. एका मित्राचा सल्ला आला, बरणीत संत्र्याची साल टाक, ओलावाही राहील आणि नागपुरी वासही येईल. अजिबात करू नये. सालीने बुरशी धरते आणि सगळा तंबाखू फेकावा लागतो.

भरायचा हलक्या हाताने. तळाशी सैल, वर जरा दाबून. पेटवायला काडेपेटीच. पहिल्या पेटवणीत तंबाखू फुगून वर येतो, तो हळूच दाबायचा आणि परत पेटवायचा. त्यानंतर जितकं कमी ओढाल तितकी चव येते.

कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला मी एक काप दाखवायला नेला. त्याचा दिवसभर खर्रा घोटण्यातच जातो, त्यामुळे तंबाखूची पारख आहे. त्याने तो नाकाशी धरला, बोटांत चोळला.

"वकीलसाहेब, मनुक्यावानी वास येऊन राह्यला जी. चुना कुठं हाय याचा?"

चुना नाही म्हटल्यावर त्याचा रस मावळला. काप मात्र परत दिला नाही.

मुलगी मेडिकलला शिकलेली, त्यामुळे घरात या विषयावर युक्तिवाद चालत नाही. "बाबा, धूर छातीत घेत नाही म्हणून तोंड सुटत नाही," हे तिचं वाक्य, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तोंडाचे पेशंट ती रोज बघते. तेव्हा रविवारी एक, गॅलरीत, असा तह आहे. दुसरा डबा मी फोडलेला नाही. बंद डब्यात व्हर्जिनिया वर्षानुवर्षं मुरत राहतो आणि चांगला होत जातो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, मग मुरू द्या की, घाई काय आहे.

परवा मँचेस्टरहून फोन आला. आवडला का, पुढच्या वेळी दुसरा कुठला आणू?

म्हटलं, हाच. आणि हा नाही मिळाला तर काहीच आणू नकोस, दुकानदाराने चेरीचा कितीही गळ्यात मारला तरी.

"सर, नोटीस देऊन राहिलात का?"

"रीतसर," म्हटलं.