आमच्या शॉपिंग सेंटरचं रिडेव्हलपमेंट आणि कोपऱ्यातला गाळा

मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर आमचं जुनं शॉपिंग सेंटर होतं. बिल्डिंगचं नाव लिहीत नाही, थोडी कामं अजून अडकलेली आहेत. खाली आणि पहिल्या मजल्यावर मिळून 22 गाळे, वर 24 फ्लॅट. बाबांनी 1983 ला कोपऱ्याचा 180 स्क्वेअर फुटांचा गाळा घेऊन मॅचिंग सेंटर टाकलं, अस्तर, फॉल, ब्लाउजपीस. बाजूला व्हिडिओ कॅसेटवाला, घड्याळ रिपेअर, लेडीज टेलर, दिवाळीच्या आधी तर पॅसेजमधून अंग चोरून जावं लागायचं. मुलुंडचे रस्ते 1922 च्या सुमारास क्राउन अँड कार्टर नावाच्या आर्किटेक्टांनी आखलेत, सरळ चौकोनी, त्यामुळे इथे कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांची तोंडं मिळतात. हे आधीच सांगतोय कारण पुढची सगळी भांडणं याच्यावरून झाली.

मग एलबीएस रोडला मॉल आले, कॅसेटवाला गेला, पहिल्या मजल्यावर दुकानांच्या जागी क्लासेस आणि गोडाऊन आले, आणि जिन्याखाली लोखंडी टेकू लागले. तीस वर्षांच्या वरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, ते केलं, रिपोर्ट वाईट आला. मग रिडेव्हलपमेंट.

पहिलं लफडं कागदांचं. बाबांचं ॲग्रीमेंट 5 रुपयांच्या स्टॅम्पवर. मला वाटलं संपलं सगळं, पण 10 डिसेंबर 1985 च्या आधीच्या ॲग्रीमेंटला तेवढाच स्टॅम्प चालायचा, वकिलाने सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसरं म्हणजे बाबा गेल्यावर मी नॉमिनी म्हणून सोसायटीत मेंबर झालो होतो आणि निवांत होतो, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बिल्डरच्या वकिलाने सगळे वारस मागितले. ताई इंदूरहून दोनदा आली हक्कसोड पत्रासाठी. घरात गोडी आहे तोवर हे करून टाका, गाळ्याचा भाव कळल्यावर नाती कशी होतात ते बाजूच्याचं बघितलंय.

आता मुख्य गोष्ट. बिल्डर निवडायची मीटिंग सहकारी सोसायट्यांच्या कायद्याच्या कलम 79अ खाली होते, 4 जुलै 2019 च्या जीआरप्रमाणे एकूण मेंबरांपैकी दोन तृतीयांश हजर पाहिजेत, रजिस्ट्रार ऑफिसचा माणूस समोर, व्हिडिओ शूटिंग, आणि एकूण मेंबरांच्या 51 टक्के होकार. आम्ही 46. म्हणजे होकार पाहिजे 24 चा, आणि फ्लॅटवाले बरोब्बर 24! आम्ही गाळेवाले नसतो तरी त्यांचं भागलं असतं. पण कोरमला, म्हणजे कमीत कमी हजेरीला, 31 लागतात, तिथे आमच्यातले निदान 7 पाहिजेतच. हे घड्याळवाल्या काकांच्या लक्षात आलं, आमच्या कोणाच्याच नाही. फ्लॅटवाले एक्स्ट्रा कार्पेट एरिया आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, यात गुंतलेले आणि बिल्डरच्या ड्रॉइंगमध्ये रस्त्याच्या बाजूला त्याची विकायची मोठी शोरूम, आमचे गाळे मागच्या बाजूला, पार्किंगच्या रॅम्पला लागून. एरिया वाढवून दिला होता हो, पण रॅम्पजवळ अस्तर घ्यायला कोण येणार.

मीटिंगच्या दिवशी आम्ही सगळे गाळेवाले हॉलबाहेर चहा पीत उभे राहिलो, सही करायला कोणी आत जाईना. सेक्रेटरी तीनदा बाहेर आले, "अरे काय लहान मुलांसारखं करताय" म्हणाले. काकांनी शांतपणे सांगितलं, आमचं फ्रंटेज, म्हणजे रस्त्याकडचं तोंड, लिहून द्या, आत येतो. तासाभराने ठरावात आलं की रस्त्याकडची जुनी दुकानं रस्त्याकडेच आणि कोपरा कोपऱ्यालाच. वाईटपणा आला, दोन फ्लॅटवाले अजून बोलत नाहीत माझ्याशी.

ठरावावर पण थांबू नका. करारात गाळा नंबर, शटरची रुंदी फुटांत, उंची आणि सही केलेला प्लॅन जोडून घ्या. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये फक्त एरिया होता. पोटमाळा धरलाच नाही त्यांनी, त्यावर आम्ही हरलो.

कराराच्या स्टॅम्प ड्युटीचं घोंगडं भिजत होतं, तेवढ्यात फेब्रुवारी 2023 ला हायकोर्टाचा निकाल आला की सोसायटी आणि बिल्डरमधल्या डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटवर ड्युटी भरलेली असेल तर जुन्या मेंबरच्या करारावर परत तशी ड्युटी घ्यायची नाही, जादा एरिया विकत घेतला तरच त्यावर. एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशन, पावसाच्या आधी गाळा खाली.

भाड्याच्या दुकानात जाताना जीएसटीवरचा पत्ता 15 दिवसांत बदलावा लागतो, बँकेला स्टॉकची जागा कळवावी लागते, ते केलं. गिऱ्हाईकांचं मात्र काही करता येत नाही. दोन गल्ल्या पलीकडे गेलो तर निम्मे आलेच नाहीत. भाडं बिल्डर देत होता, पण मधे चार महिने थकलं, तेव्हा रोज फोन.

ताबा मिळाला तेव्हा पेढ्यांआधी मी कापडाची लोखंडी मीटरपट्टी घेऊन शटर मोजलं. करारात अकरा फूट, भरलं दोन इंच कमी. काका म्हणाले, जाऊ दे रे, पेढे दे.